रिकाम्या वॅगनांचे डिप्टी साहेब

डिप्टी साहेब शुद्ध मराठीत बोलायला लागले की आमच्या कंट्रोल ऑफिसात सगळे खुर्चीत सरळ होऊन बसायचे. एरवी त्यांची बोली अस्सल नागपुरी. ‘काय करून राहिली वं?’, ‘ते गाडी काहून उभी आहे गा?’ हे रोजचं बोलणं. पण कोणाच्या हातून मोठी चूक झाली की आवाज एकदम खाली यायचा, ‘तू’चं ‘आपण’ व्हायचं आणि वाक्यं थेट पाठ्यपुस्तकातून उतरायची. “आपण ही मालगाडी चाळीस मिनिटे उभी केलीत, त्यामागील आपला विचार मला समजावून सांगाल का?” शिव्या खाऊन माणूस जेवढा घाबरणार नाही तेवढा त्या ‘समजावून सांगाल का’ला घाबरायचा. थोड्या वेळाने साहेब परत ‘मले-तुले’वर आले की आम्ही श्वास सोडायचो.

नागपूरच्या रेल्वे कंट्रोलमध्ये ते उपमुख्य नियंत्रक होते. एवढं लांब नाव कोणी घेत नसे. सगळ्यांसाठी ते डिप्टी. आमचं काम थोडक्यात असं: आपापल्या बोर्डावर, म्हणजे फोनच्या टेबलाशी बसून, आपल्या वाट्याच्या स्टेशनांमधली प्रत्येक गाडी कुठे थांबवायची आणि कुठली पुढे काढायची ते ठरवायचं. लहान लहान स्टेशनांवर सात वर्षं काढून मी या खोलीत सेक्शन कंट्रोलर म्हणून बदलून आले, तेव्हा साहेबांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. समोर बसवलं आणि विचारलं, “गाव कोनतं?”

“उमरेड.”

“नागपूरले कशी येते?”

“एसटीनं.”

“मंग सांग, बस कुठं कुठं थांबते?”

मी पाचगाव, दिघोरी करत सगळे थांबे सांगितले. कुठे वळण आहे, कोळशाचे ट्रक कुठे आडवे येतात, तेही सांगितलं. साहेब मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, “आता नागपूरहून उमरेडले जाताना सांग.”

मी म्हटलं, “तेच की साहेब, उलटं.”

“उलटं नसते. जाताना त्या बसमंदी कोन असते? किती भरते? ड्रायव्हर जेवते कुठं? सकाळी आलेली बस संध्याकाळपर्यंत कुठं उभी राहते?”

“ते नाही पाहिलं कधी,” मी म्हटलं.

“म्हंजे तुले अर्धाच रस्ता मालूम आहे,” ते म्हणाले आणि हेडफोन माझ्या हातात दिला. “बस कामाले.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी शिंप्याची मोजपट्टी असायची. दार दिसलं, मोज. टेबल दिसलं, मोज. माझी नवी स्कूटर पाहून सगळे रंगाविषयी बोलत होते, साहेबांनी हँडलची रुंदी मोजली आणि ‘पार्किंगच्या दुसऱ्या खांबामंदून नेऊ नको’ एवढंच सांगितलं. त्याच आठवड्यात त्या खांबाला लागून माझा आरसा तुटला. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. आपल्या हद्दीतला एकेक पूल, सिग्नलचा खांब, प्लॅटफॉर्मची कड रुळापासून किती लांब आहे, म्हणजे वॅगनच्या बाहेर येणारा रुंद माल तिथून जाईल का, हे त्यांनी त्या वहीत लिहून ठेवलं होतं. ही सगळी मापं खात्याच्या दप्तरात असतातच. पण साहेबांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा जास्त. सुट्टीच्या दिवशी ते पॅसेंजरने निघायचे, एखाद्या स्टेशनावर उतरायचे आणि तिथल्या मास्तरला सांगून मोजमाप करायचे.

सोबत बायको असायची. काकूंनी मला एकदा कोथिंबिरीची सांबारवडी वाढता वाढता सांगितलं, “लग्न झालं तवा म्हनले, चाल तुले फिराले नेतो. मी नवं लुगडं नेसून निघाली. अन् या मानसानं मले दिवसभर पट्टीचं एक टोक धराले लावलं वं!”

“मंग काय झालं? हवा नव्हती का तिथं?” साहेब आतून ओरडले.

काकू हसल्या. नंतर हळू आवाजात म्हणाल्या, “यांचे बाबा गँगमन होते. रुळावर हातोडा घेऊन चालायचे. हा मानूस अजून बापामागंच चालून राहिला.”

रुंद मालाची साहेबांना एवढी काळजी का, हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. कोण एवढं मोठं काय नेणार, असं वाटायचं. ते कळलं सीमेवर तणाव वाढला तेव्हा. त्या दिवसांविषयी मी बेतानेच लिहिते आहे. स्टेशनांची नावं, तारखा, गाड्यांची संख्या इथे येणार नाही.

एका सकाळी साहेबांनी मला बोर्डावरून उठवलं आणि वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे आमच्या विभागाचे, गाड्यांच्या वाहतुकीचे मोठे साहेब होते, सहाच महिन्यांपूर्वी आलेले, तरुण, हुशार, सतत घाईत. आणि साध्या कपड्यांतले एक कर्नल. कर्नल साताऱ्याकडचे निघाले, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं. गरज पडली तर जमिनीवरून पुढे सरकून हल्ला करायचा, अशी तयारी ठेवण्याचा हुकूम होता. त्यासाठी दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून जे जे हलवायचं, त्यातलं बरंचसं नागपूरवरून जाणार होतं. देशाच्या चारी दिशांच्या गाड्या इथे एकमेकींना ओलांडतात, तेव्हा ते आमच्या नशिबी येणारच. मला बोलावलं होतं कारण मार्गाचा सगळ्यात अडचणीचा तुकडा माझ्या बोर्डावर होता.

कर्नलांनी तक्ता पसरला. पहिल्या गाड्यांत रणगाडे, मग तोफा, मग दारूगोळा, डिझेल, रसद, शेवटी वर्कशॉप आणि पाण्याच्या टाक्या. सुबक आखणी होती. सगळे बाण वायव्येकडे. साहेबांनी तो तक्ता दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं, “हे समदं ठीक आहे जी. पन परत कधी येनार?”

कर्नलांच्या कपाळावर आठी आली. “आमची माणसं? ते आत्ता कोण सांगणार?”

“मानसं नाही जी. वॅगन.”

मोठे साहेब मध्ये पडले. “डिप्टी, ते नंतर बघू. आत्ता पाठवायचं बोला.”

“सर, रनगाडा चढवाची वॅगन वेगळी असते. आपल्यापाशी मोजक्याच आहेत. पहिल्या चार गाड्या गेल्या का संपल्या. पाचवीचे रनगाडे कशावर चढवान? त्याच वॅगन रिकाम्या होऊन आल्या पायजे. अन् त्या यायच्या कुठून? समोरून भरलेल्या गाड्या येऊन राहिल्या ना. लाइन तर तीच आहे.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि दीक्षाभूमीची गोष्ट सांगायला लागले. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांचे आजोबा छप्पन साली पारशिवनीकडच्या गावाहून पायी नागपूरला आले आणि सगळ्यांसोबत दीक्षा घेऊन परतले. तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांची सेवा हे त्यांच्या घरचं काम. साहेब विशीत असताना त्यांच्या वस्तीवर एका गल्लीत पाणी वाटण्याचं काम आलं. ऊन रणरणतं, माणसांचा समुद्र. पोरांनी धावपळ करून तीन टँकर मिळवले. पहिला आत गेला, रिकामा झाला. तेवढ्यात मागून दुसरा आत घुसला, त्याच्यामागे तिसरा. रिकामा टँकर बाहेर निघेना, भरलेले पुढे जाईनात. पाणी गल्लीच्या तोंडाशी आणि तहानलेली माणसं दुसऱ्या टोकाला.

“एक म्हातारी माह्या समोर भोवळ येऊन पडली जी,” साहेब म्हणाले. “वाचली ते. पन तिच्या पायापासून टँकर दिसून राहिला होता. भरलेला. तवापासून मी भरलेल्या गाडीकडं पाहत नाही. रिकामी कुठून निघनार ते पाहतो.”

कर्नलांनी पेन्सिल उचलली. साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “आनखी एक. रनगाडा वॅगनवरून खाली उतरवाले काय लागते?”

“रॅम्प.”

“तो कोन्या गाडीत आहे?”

कर्नलांनी तक्ता पाहिला. रॅम्पचं सामान सहाव्या गाडीत होतं. ते स्वतःशीच हसले, खोडरबर मागितलं आणि म्हणाले, “बसा काका. सगळं परत मांडू.”

त्या खोलीतून आम्ही संध्याकाळी बाहेर पडलो. नवी आखणी अशी झाली की सगळ्यात आधी रॅम्प, पाणी, डिझेल, भटारखाना आणि दुरुस्तीवाले. मग रणगाडे. आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येक दोन गाड्यांमागे रिकाम्या वॅगनांना परत यायला एक मोकळी वाट. दिवसाला पुढे जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या होत्या, पण वॅगन परत मिळत राहणार असल्याने सगळं सामान मूळ तक्त्यापेक्षा आधी पोचत होतं. मोठ्या साहेबांनी तीन वेळा बेरीज करून पाहिली.

जिना उतरताना माझ्याच्याने राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. चार दिवसांपासून त्याचा फोन बंद होता. मी म्हटलं, “साहेब, कर्नलांना विचारलं तर कळेल का, माझा भाऊ यातल्या कुठल्या गाडीत आहे?”

ते थांबले. “नको विचारू. कळलं तर तू एकच गाडी पाहशीन. आपल्याले समद्या पाहाच्या आहेत.” दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, “हरेक गाडीत कोनाचा ना कोनाचा भाऊ आहे.”

मी त्या रात्री घरी जाऊन खूप रडले, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर बोर्डावर बसले.

गाड्या सुरू झाल्या. त्या दिवसांत साहेब ऑफिसातच राहायला आले म्हटलं तरी चालेल. काकू डबा घेऊन यायच्या. आमच्या हद्दीतून गाडी सुखरूप पुढच्या विभागाच्या हाती गेली की मगच ते घास घ्यायचे. दोन गाड्यांच्या मध्ये जेवण उरकायचं, त्यामुळे कधी पोळी आत्ता आणि भाजी दोन तासांनी.

तिसऱ्या दिवशी सकाळी रणगाड्यांची एक गाडी माझ्या तुकड्यात आली. तिच्यामागे एक एक्स्प्रेस होती, आधीच उशीर झालेली, खच्चून भरलेली. पुढच्या एका स्टेशनात मेन लाइन प्लॅटफॉर्मला अगदी लागून जाते. तिथे रुंद मालाची गाडी बाजूच्या लूप लाइनवरून, माणूस चालेल अशा वेगाने काढायची, असं डिप्टी साहेबांनी मला बजावलं होतं. त्यात एक्स्प्रेस बराच वेळ मागे अडकणार होती.

मोठे साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातला फोन वाजतच होता. “एक्स्प्रेस का अडकवताय? रणगाड्यांची गाडी मेनवरून काढा.”

“सर, डिप्टी साहेबांनी लूपमधून घ्यायला सांगितलंय. तिथल्या प्लॅटफॉर्मची कड...”

“मी रेकॉर्ड पाहिलंय. मेन लाइन मोकळी आहे. मेनवरून काढा.”

गाडी अजून दोन स्टेशनं मागे होती. माझ्यासमोर दोन साहेब, दोन हुकूम. मी मास्तरला फोन लावायला हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. एवढ्यात डिप्टी साहेब शेजारच्या खोलीतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाज अगदी हळू होता.

“सर, आपण कृपा करून मला पाच मिनिटे द्याल का?”

सगळ्या बोर्डांवरच्या माना वळल्या. साहेब शुद्ध मराठीत बोलत होते, आणि तेही मोठ्या साहेबांशी. 

मोठे साहेब म्हणाले, “डिप्टी, तुमची वही रेकॉर्डपेक्षा मोठी आहे का?”

“नाही. परंतु वहीतील हे माप मागील पंधरवड्यातील आहे. त्या प्लॅटफॉर्मची उंची वाढवण्यात आली असून नवी लादी बाहेर आलेली आहे. माझे चुकले असेल, तर आपण सांगाल ती शिक्षा मी घेईन. आपण केवळ मोजून घ्यावे.”

मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग मान हलवली.

डिप्टी साहेबांनी माझा फोन स्पीकरवर टाकला आणि त्या स्टेशनच्या मास्तरला सांगितलं, “लाइन मोकळी आहे ना? नक्की? मंग पॉइंट्समनले घे अन् रुळापासून नव्या लादीच्या कडेपर्यंत मोज. दोन जागी मोज.” आम्ही थांबलो. फोनमधून मास्तरच्या बुटांचा आवाज दूर गेला. आवाज परत जवळ आला. मास्तरने आकडा सांगितला, धापा टाकत. साहेबांनी तो कागदावर लिहिला, खाली रणगाडा रुळाच्या बाहेर किती येतो ते लिहिलं, वजाबाकी केली आणि कागद मोठ्या साहेबांच्या पुढे सरकवला.

“चार बोटं कमी पडून राहिली सर,” ते म्हणाले. परत नागपुरीत.

चार बोटं. पहिलाच रणगाडा लादीला घासला असता. कदाचित वॅगन रुळावरून उतरली असती. मग मागची एक्स्प्रेस, तिच्यामागचा दारूगोळा, समोरून येणाऱ्या रिकाम्या वॅगन, सगळं जिथल्या तिथे. प्लॅटफॉर्मवर माणसं उभी असणार ते वेगळंच.

मोठे साहेब कागदाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून मायक्रोफोन ओढला आणि स्वतः मास्तरला सांगितलं, “गाडी लूपमधून घ्या. हा माझा हुकूम आहे. एक्स्प्रेसच्या उशिराचं उत्तर मी देईन.” मग डिप्टी साहेबांकडे वळून म्हणाले, “ती वही मला द्या. आजच्या आज रेकॉर्ड दुरुस्त करून घेतो.”

“देतो सर. पन चहा घ्या आधी. तुमचा चेहरा उतरला.”

एक्स्प्रेस अर्धा तास उशिरा गेली. तिच्यातल्या लोकांनी आम्हाला किती नावं ठेवली असतील! थोड्या वेळाने मास्तरने मला फोनवर सांगितलं, “मॅडम, निघाली गाडी. हळूहळू गेली. रणगाड्यांजवळ बसलेली पोरं हात हलवत होती. आमच्या प्लॅटफॉर्मवरच्या बायांनीही हलवला.” मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढच्या स्टेशनचा फोन लावला.

हल्ल्याचा हुकूम शेवटी आलाच नाही. काही आठवड्यांनी फौज परतायला लागली. इतर ठिकाणी वॅगन अडकून पडल्याच्या गोष्टी आम्ही ऐकत होतो. आमच्याकडे मात्र परतीची वाट पहिल्या दिवसापासून आखलेली होती. भाऊही आला. तो कुठे होता ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कर्नल मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, “काका, दोन दिवस आधी तयार होतो आम्ही. समोरच्यालाही ते दिसलं असणार. कदाचित म्हणूनच निभावलं.”

साहेब म्हणाले, “बरं झालं जी. पोरं घरी गेली.” यापलीकडे त्यांना काही सुचलं नाही. त्यांना या कामाचं ना प्रशस्तिपत्र मिळालं, ना पदक. काम गुप्त होतं, मग कागद कुठून येणार? पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कोणीतरी भाषणात ‘कर्तव्यदक्ष’ म्हणालं, आणि आम्ही त्या खोलीतले आठ-दहा लोक एकमेकांकडे पाहत राहिलो. एवढाच शब्द?

मागच्या हिवाळ्यात मला एक फोन आला. ते कर्नल आता ब्रिगेडियर झाले आहेत. कामठीच्या छावणीत तरुण अधिकाऱ्यांचं शिबिर होतं. चढाईच्या वेळी रसद आणि वाहतुकीची आखणी कशी करावी, हा विषय. “काकांना घेऊन या,” ते म्हणाले. “त्यांनीच बोलायचंय.”

साहेब आधी नाहीच म्हणाले. “त्या लोकांले मी काय शिकवन वं? मी तर कधी बंदूकही नाही धरली.” काकूंनी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला, तेव्हा कुठे आम्ही तिघं निघालो.

सभागृह गणवेशांनी भरलं होतं. साहेब व्यासपीठावर उभे राहिले. आधी पाच मिनिटं त्यांनी पाठ केलेलं शुद्ध हिंदी म्हणून पाहिलं. ते अडखळायला लागले तसं ब्रिगेडियर पहिल्या रांगेतून म्हणाले, “काका, तुमच्या भाषेत बोला.” मग साहेब सुटले. नागपुरी मराठी, नागपुरी हिंदी, दोन्ही एकाच वाक्यात. टँकर कसा अडकला, रॅम्प कुठल्या गाडीत होता, रिकामी वॅगन कशी मोजायची. पंजाबकडची, केरळची, मणिपूरची पोरं-पोरी मान खाली घालून भराभर लिहीत होती. एका मुलीने विचारलं, “सर, आप कौन-सी रेजिमेंट से हैं?” साहेब म्हणाले, “बेटा, मैं लढा नहीं. मैंने सिर्फ पहुँचाया.”

शेवटी त्यांनी नमस्कार केला आणि चष्मा पुसायला काढला. तेवढ्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळं सभागृह एकदम उभं राहिलं, ब्रिगेडियरसुद्धा, ताठ.

साहेबांनी घाईने चष्मा लावला. व्यासपीठामागच्या दाराने कोणी मोठा अधिकारी आत आला असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं आणि त्याला वाट द्यायला ते व्यासपीठाच्या कडेला सरकून उभे राहिले. दारात कोणीच नव्हतं.

पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “अवो, तिकडं काय पाहून राहिले? तुमच्याचसाठी उभे झाले ते लोक!”